बाळदमा: गावातल्या डॉक्टरांनी एकत्र येऊन उपचार कसे सुधारावेत

धाप लागणारं मूल सहसा एकाच डॉक्टरकडे राहत नाही. सुरुवात गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांकडे होते. तिथे इंजेक्शन आणि सिरप मिळतं. रात्री त्रास वाढला की जे हॉस्पिटल उघडं असेल तिथे वाफ, म्हणजे नेब्युलायझर मशीननं औषध, दिली जाते. मग बालरोगतज्ज्ञ होतात, आणि पाहुण्यांपैकी कुणीतरी सुचवलं म्हणून जिल्ह्याच्या गावचे छातीचे डॉक्टरही होतात. मधल्या काळात मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेला पंप घरात असतोच. प्रत्येकानं समोर दिसलं त्याप्रमाणे बरोबरच काम केलेलं असतं, पण एकाचा कागद दुसऱ्यानं पाहिलेला नसतो. एक डॉक्टर रोजचा पंप सुरू करतात, दुसरे "आता आवाज नाही, कशाला स्टेरॉइड देता" म्हणून तो थांबवतात, आणि श्रावणात मूल पुन्हा दाखल होतं.

याचा हिशोब मोठा आहे. ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या भारतातल्या पाहणीत छातीत घरघर असलेल्यांपैकी ८२ टक्के जणांचं दमा म्हणून निदानच झालेलं नव्हतं, आणि रोज इनहेल्ड स्टेरॉइड, म्हणजे पंपातून श्वासावाटे घ्यायचं रोजचं औषध, घेणारे अडीच टक्क्यांहूनही कमी निघाले. औषधं बाजारात आहेत, स्वस्त आहेत, मार्गदर्शक तत्त्वंही आहेत. मूल आणि औषध यांच्या मधे जी माणसं आहेत, ती एकमेकांशी बोलत नाहीत. त्यामुळे हा लेख दम्याच्या औषधशास्त्राबद्दल फारसा नाही. तालुक्याच्या गावात आठ-दहा डॉक्टरांनी मिळून काम कसं उभं करायचं, त्याबद्दल आहे.

हे आधी कुणी केलंय का? केलंय, आणि मोजूनही दाखवलंय. फिनलंडनं १९९४ ते २००४ असा दहा वर्षांचा राष्ट्रीय दमा कार्यक्रम चालवला. टारी हाहटेला हे त्यामागचं प्रमुख नाव. आरोग्य केंद्रांत दम्यासाठी जबाबदार डॉक्टर आणि नर्स नेमले, सुमारे ७०० औषध दुकानांत एकेक फार्मासिस्ट या कामाशी जोडला. दम्यासाठी हॉस्पिटलात काढावे लागणारे दिवस १९९३ ते २००३ या काळात ५४ टक्क्यांनी घटले. दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या सिनसिनाटीचं. तिथल्या मुलांच्या हॉस्पिटलानं ४४ खासगी बालरोग दवाखाने एकत्र आणले. दम्याची तेरा हजारांहून जास्त मुलं त्यांच्याकडे होती. या कामात पुढे असलेल्या डॉ. उमा कोटगल मुंबई विद्यापीठाच्या एमबीबीएस. त्यांनी तीन गोष्टी ठरवल्या: प्रत्येक मुलाचा दमा किती आटोक्यात आहे याची नोंद, घरी लेखी योजना, आणि गरज असलेल्याला रोजचं औषध. तिन्ही झाल्या तरच त्या मुलाला पूर्ण उपचार मिळाले असं धरायचं, दोन झाल्या तर शून्य. सुरुवातीला असे पूर्ण उपचार मिळणारी मुलं ४ टक्के होती. सुमारे तीन वर्षांत ती ८८ टक्क्यांवर गेली. तिथे डॉक्टरांना प्रोत्साहनाचे पैसेही होते, हे लपवायला नको. आपल्याकडे ते नाहीत. पण त्या कामात कागद, मोजणी आणि एकमेकांना आकडे दाखवणं हेही होतं, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

पहिली पायरी: कुणाला बोलवायचं

फक्त बालरोगतज्ज्ञांना बोलवलंत तर एक छान सीएमई, म्हणजे डॉक्टरांसाठीचं व्याख्यान, होईल आणि जेवण होईल, बाकी काही होणार नाही. मूल सर्वांत आधी ज्यांच्याकडे जातं ते फॅमिली डॉक्टर हवेतच. त्यात बीएएमएस आणि बीएचएमएस डॉक्टर बहुसंख्य असतात. त्यांना शेवटच्या रांगेत बसवायचं असेल तर न बोलावलेलं बरं. ग्रामीण रुग्णालयाचे किंवा उपजिल्हा रुग्णालयाचे वैद्यकीय अधिकारी हवेत, कारण रात्री दोन वाजता दार तेच उघडतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे आरबीएसकेचं, पथक अंगणवाड्या आणि शाळांत फिरतं, त्यांचा एक डॉक्टर हवा. छातीचे डॉक्टर जवळपास असतील तर उत्तम. दोन मोठ्या मेडिकलचे मालक हवेत. आणि कंपाउंडर किंवा सिस्टर हव्यात, कारण पंप कसा घ्यायचा हे बहुतेक दवाखान्यांत डॉक्टर सांगत नाहीत, त्या सांगतात.

पहिल्याच बैठकीत एक गोष्ट मोकळेपणानं बोलून टाका: रुग्ण पळवण्याची भीती. ती खरी आहे, आणि ती मनात ठेवून कुणीही आपले केसपेपर दुसऱ्याला दाखवणार नाही. नियम साधा करा. ज्यांनी मूल पाठवलं त्यांच्याकडेच ते परत जाईल, कागदावर पुढच्या भेटीसाठी त्यांचंच नाव लिहिलं जाईल. तज्ज्ञांना हा नियम सुरुवातीला जड जातो. पण तो पाळला तर मुलं लवकर पाठवली जातात, रात्रीची धावपळ कमी होते, आणि शेवटी त्यांचंही नुकसान होत नाही.

औषध कंपनीचा प्रायोजक घ्यायचा का, हेही तेव्हाच ठरवा. माझं मत विचाराल तर चहाचा खर्च वाटून घ्यावा. सरावासाठी रिकामे पंप मात्र जरूर मागावेत.

दुसरी पायरी: भाषण नको, केसपेपर आणा

प्रत्येकानं गेल्या वर्षभरात दोनपेक्षा जास्त वेळा घरघर घेऊन आलेल्या दहा मुलांचे कागद आणावेत, नावं झाकून. टेबलावर ठेवून फक्त एवढं बघा: निदान काय लिहिलंय, वजन लिहिलंय का, तोंडातून स्टेरॉइड किती वेळा दिलं, अँटिबायोटिक किती वेळा, रोजचा पंप दिला का, स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामधे धरायचं प्लॅस्टिकचं नळकांडं) लिहिला का, पुढच्या भेटीची तारीख आहे का.

एका तासात चित्र समोर येतं. एकाच प्रकारच्या मुलांना कुठे 'अॅलर्जिक ब्रॉन्कायटिस', कुठे 'वारंवार कफ', कुठे 'बाळदमा' असं लिहिलेलं सापडेल. पालकांना हे तीन वेगळे आजार वाटतात, म्हणून गटानं एकच नाव ठरवावं आणि सगळ्यांनी तेच लिहावं. मुलीच्या आईला ते नाव सांगणं अवघड असतं, हे मान्य. तरीही सांगावं लागतं, नाहीतर रोजचं औषध कशासाठी हे तिला कधीच पटत नाही.

पण सगळी घरघर म्हणजे दमा नव्हे. गटानं धोक्याच्या खुणांची एक छोटी यादी एकमतानं करावी: जन्मापासूनचा त्रास, वजन न वाढणं, बोटांची टोकं फुगणं, आवाज छातीच्या एकाच बाजूला असणं, दूध पिताना ठसका. घरात किंवा शेजारी टीबी असेल तर छातीतल्या गाठी श्वासनळीवर दाबतात आणि अगदी दम्यासारखाच आवाज येतो. आणि शेंगदाणा. दोन-तीन वर्षांचं मूल खेळता खेळता अचानक खोकू लागलं आणि नंतर एका बाजूला घरघर राहिली, तर पंप देत बसू नका, ब्रॉन्कोस्कोपीसाठी, म्हणजे दुर्बिणीनं श्वासनळी तपासायला, पाठवा. महाराष्ट्रात हे सांगावंच लागतं.

तिसरी पायरी: एकच कार्ड, सगळ्यांच्या दवाखान्यात

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. पाच-सहा रंगांचा, चार पानी, इंग्रजी कागद कुणी वाचत नाही. जाड पुठ्ठ्याचं, खिशात मावणारं, मोठ्या मराठी अक्षरांतलं कार्ड हवं. त्यावर कुठल्याही एका दवाखान्याचं नाव मोठं छापू नका. गटातले सगळे फोन नंबर मागे लहान अक्षरांत द्या. हे कार्ड जिथे जाईल तिथे मुलाची ओळख पटली पाहिजे, मग रात्रीचे डॉक्टर कुणीही असोत.

कार्डाच्या पहिल्या भागात रोजचं: कोणता पंप, किती वेळा दाबायचा, स्पेसर मास्कसह की नळीसह, आणि "बरं वाटलं तरी चालू ठेवा" हे वाक्य. तीन वर्षांपर्यंत मास्क लागतो, चौथ्या वर्षापासून बरीच मुलं तोंडात नळी धरू शकतात.

दुसरा भाग त्रास सुरू झाल्यावरचा. पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला आरामाच्या पंपाचे, म्हणजे साल्ब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅमचे, दोन पफ, एकेक करून, स्पेसरनं. बरं वाटलं नाही तर वीस-वीस मिनिटांनी आणखी दोनदा देता येतात. पहिल्या दोन तासांत सहापेक्षा जास्त पफ लागले, किंवा चोवीस तासांत मूल पूर्ववत झालं नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. एक वर्षाच्या आतल्या बाळाला काही तासांत पुन्हापुन्हा पंप लागत असेल तर थांबूच नये. मोठ्या मुलांचे आकडे त्यांच्या कार्डावर डॉक्टरांनी हातानं लिहावेत.

तिसरा भाग: लगेच हॉस्पिटलला. इथे आईच्या शब्दांत लिहा. पोट उडतंय, बरगड्या आत ओढल्या जातायत, बोलताना किंवा रडताना आवाज तुटतोय, दूध पीत नाही, ओठ निळसर, मूल सुस्त. 'श्वसनाचा वेग वाढणे' असं छापलंत तर ते फक्त छापील राहील.

कार्डाच्या मागे एक तक्ता: तारीख, डॉक्टरांची सही, वजन, तोंडातून स्टेरॉइड दिलं का, पंप बदलला का. वर्षात स्टेरॉइडचा दुसरा कोर्स लिहायला घेणाऱ्या डॉक्टरांना पहिला दिसला पाहिजे. या एका रकान्यासाठी बाकीचं कार्ड फुकट गेलं तरी चालेल, इतका तो महत्त्वाचा आहे.

चौथी पायरी: पंप हातात घेऊन बघा

इथे पुष्कळ डॉक्टर अडखळतात. रिकामे पंप आणि स्पेसर आणा आणि बैठकीत प्रत्येकाला करून दाखवायला सांगा, कंपाउंडरसकट. पंप हलवला का? एका वेळी एकच पफ दाबला का? मास्क गालाला घट्ट बसला का? मुलानं पाच-सहा शांत श्वास घेतले का? पुन्हा हलवून मग दुसरा पफ का? स्टेरॉइडच्या पंपानंतर चूळ भरायला सांगितलं का, मास्क असेल तर चेहरा पुसायला? स्पेसर धुताना साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून तसाच वाळू द्यायचा. कापडानं पुसला तर प्लॅस्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध भिंतीला चिकटतं.

स्पेसर परवडत नाही ही तक्रार ऐकू येईल. केपटाऊनच्या हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवून दिलं की ५०० मिलिलिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीपासून केलेला स्पेसर मुलांच्या झटक्यात विकतच्या स्पेसरइतकंच काम करतो. बाटलीच्या बुडाला तापवलेल्या तारेनं पंपाच्या तोंडाच्या आकाराचं भोक पाडायचं, फट डिंकानं बंद करायची, बाटलीचं तोंड मुलाच्या तोंडात. वापरण्याआधी साबणाच्या पाण्यातून काढून वाळवायची. ग्रामीण रुग्णालयात असा एक नमुना करून ठेवा.

आणि वाफ. झटका सौम्य किंवा मध्यम असेल तर स्पेसरनं दिलेलं साल्ब्युटामॉल नेब्युलायझरइतकंच चालतं. पालकांना मात्र मशीनवर विश्वास असतो, आणि खरं सांगायचं तर दवाखान्यांनाही मशीनचं बिल करता येतं. गटानं यावर स्पष्ट बोलावं. प्रत्येक घरघरीला वाफ दिली की घरच्यांना पंप हा दुय्यम दर्जाचा उपाय वाटू लागतो, आणि घरी नेब्युलायझर आणून रोज तो लावण्याची सवय जडते.

पाचवी पायरी: काय लिहायचं नाही, हेही ठरवा

तोंडातून साल्ब्युटामॉल सिरप, थिओफायलिनचं इंजेक्शन, प्रत्येक घरघरीला अँटिबायोटिक, पाच दिवसांच्या पुढे लांबत गेलेलं स्टेरॉइड. एकमतानं नकार यादी करा. एकटे डॉक्टर सिरप लिहायचं थांबले तर पालक शेजारच्या दवाखान्यात जातात. दहाही थांबले तर कुठेच जाता येत नाही. एकत्र येण्याचा सगळ्यात रोकडा फायदा हाच.

मॉन्टेलुकास्ट या दम्यासाठी तोंडातून दिल्या जाणाऱ्या औषधाबद्दल थोडं जपून. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं त्यावर ठळक इशारा टाकला, कारण काही जणांत वागणूक, झोप आणि मनःस्थिती बिघडते. ते देऊच नये असं नाही. पण रोजच्या स्टेरॉइड पंपाऐवजी म्हणून, वर्षानुवर्षं, पालकांना काही न सांगता ते चालू राहतं, ते थांबवायला हवं.

झटक्यात तोंडातून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड किती, हेही एकदा लिहून भिंतीवर लावा: १ ते २ मिलिग्रॅम प्रति किलो दिवसाला, दोन वर्षांच्या आत जास्तीत जास्त २० मिलिग्रॅम, दोन ते पाच वर्षांत ३०, सहा ते अकरा वर्षांत ४०, तीन ते पाच दिवस. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचा ऑक्सिजन ९२ टक्क्यांच्या खाली असेल तर तो गंभीर झटका आहे, ओपीडीत थांबवून बघण्याचा नाही.

"स्टेरॉइडनं मूल खुरटेल" या भीतीला गटातल्या सगळ्यांनी एकच उत्तर द्यावं. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात बरीच वर्षं बुडेसोनाइड हा स्टेरॉइडचा पंप घेतलेली मुलं मोठी झाल्यावर सरासरी सव्वा सेंटिमीटरच्या आसपास कमी उंच निघाली. हा फरक पहिल्या दोनेक वर्षांत पडतो आणि पुढे वाढत जात नाही. हे लपवायचं नाही. पण वर्षातून तीन-चारदा तोंडातून दिलेल्या स्टेरॉइडशी आणि रात्ररात्र जागलेल्या मुलाशी त्याची तुलना करून सांगायची.

सहावी पायरी: मेडिकलवाल्यांशी करार

पंपात साधारण २०० पफ असतात. सकाळ-संध्याकाळ एकेक पफ असेल तर रोजचा पंप शंभर दिवस पुरतो. सहा महिन्यांत एकच नेला असेल तर तो नीट वापरला जात नाही, एवढं गणित मेडिकलवाल्यांना सहज जमतं. आरामाच्या पंपाचं उलटं. वर्षात तीन किंवा जास्त गेले तर मूल धोक्यात आहे. ब्रिटनमध्ये २०१४ साली दम्याच्या मृत्यूंचा जो राष्ट्रीय आढावा प्रसिद्ध झाला, त्यात आरामाच्या पंपांची संख्या माहीत असलेल्या १६५ जणांपैकी ६५ जणांना, म्हणजे ३९ टक्क्यांना, शेवटच्या वर्षात बारापेक्षा जास्त पंप दिले गेले होते.

मेडिकलवाल्यांनी फक्त एवढं करायचं: तिसरा आरामाचा पंप मागायला आलेल्या पालकांना कार्ड विचारायचं आणि डॉक्टरांना एक फोन करायचा. त्यांच्याकडून जास्त अपेक्षा ठेवलीत तर तेवढंही होणार नाही.

सातवी पायरी: मोजणी, पण थोडी

एक साधी वही. प्रत्येक भेटीला चार प्रश्न, गेल्या चार आठवड्यांबद्दल: दिवसा त्रास किती वेळा, रात्री जाग येते का, आरामाचा पंप किती वेळा लागला, खेळताना मूल मागे राहतं का. सहा वर्षांपुढे दिवसाचा त्रास किंवा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा असला की तो 'हो' धरायचा, पाच वर्षांपर्यंत एकपेक्षा जास्त वेळा. एकही 'हो' नाही तर दमा आटोक्यात, एक-दोन असतील तर अर्धवट, तीन-चार असतील तर हाताबाहेर. हा आकडा कार्डावरही आणि वहीतही.

महिन्याला प्रत्येक दवाखान्यातून दोनच संख्या गोळा करा: दम्याची किती मुलं आली, आणि त्यातल्या किती जणांचं सगळं झालं. म्हणजे चार प्रश्न विचारले, कार्ड दिलं, पंप समोर घेऊन दाखवायला सांगितलं, गरज असेल तर रोजचं औषध दिलं. आलेख कागदावर हातानं काढला तरी चालतो. दवाखान्यांची नावं उघडी ठेवायची का? मला वाटतं पहिले तीन महिने क्रमांक वापरावेत, नंतर सगळ्यांच्या संमतीनं नावं. व्हॉट्सअॅप गटावर मात्र मुलाचं नाव, फोटो, केसपेपर टाकायचा नाही. वय, वजन आणि कार्ड क्रमांक पुरेसा आहे.

आकडा हलत नसेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला, दोन आठवडे बघा, मग पुढची. उदाहरणार्थ, पंप तपासणं राहून जातंय असं दिसलं, तर मूल आत येण्याआधी सिस्टरनं बाहेरच ते करून घ्यायचं. चाललं तर ठेवा, नाहीतर सोडा.

आठवी पायरी: झटक्यानंतरचा आठवडा

ज्या मुलाला रात्री दाखल केलं ते पुन्हा दाखल होण्याची शक्यता पुढच्या काही दिवसांत सर्वांत जास्त असते, आणि नेमकं तेव्हाच ते कुणाचंच नसतं. म्हणून ग्रामीण रुग्णालयातून घरी सोडताना कार्ड भरायचं आणि मूळ डॉक्टरांना फोन. दोन-तीन दिवसांत भेट ठरलेली असावी. ती भेट चुकली तर फोन करायचं काम कुणाचं, ते माणसाच्या नावानिशी लिहून ठेवा. 'सगळ्यांनी लक्ष ठेवायचं' असं लिहिलेलं काम कुणीच करत नाही.

ऋतू आणि घर

आपल्याकडे शाळा आणि पाऊस जूनमध्ये हातात हात घालूनच येतात, आणि सर्दीचे विषाणू वर्गावर्गातून फिरतात. म्हणून एप्रिल-मेमध्ये गटानं एक मोहीम घ्यावी: ज्यांना मागच्या वर्षी झटका आला त्यांचा रोजचा पंप चालू आहे का, आणि इन्फ्लुएन्झाची लस पावसाआधी. पंप कमी करण्याचा प्रयोग करायचाच असेल तर तीन महिने त्रास नाही हे बघून आणि पावसाळ्याच्या तोंडावर नाही. दुसरी चढण पावसानंतर दिवाळीच्या सुमारास येते, थंडी, फटाके आणि घरातल्या साफसफाईची धूळ घेऊन. साखर पट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या चिमणीची काजळी अंगणात पडते, तिथल्या डॉक्टरांना हे सांगायला नको.

घरातल्या धुरात डासांची कॉइल सर्वांत दुर्लक्षित आहे. एक कॉइल जळून जेवढे सूक्ष्म कण सोडते ते ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात, असं २००३ च्या एका अभ्यासात मोजलं गेलं. बंद खोलीत, मुलाच्या पलंगाखाली. मच्छरदाणी हा त्यावरचा उपाय जुना आहे आणि अजून चालतो. चूल, धूप, वडिलांची विडी याबद्दल बोलावंच, पण आईला दोषी धरून नव्हे. गॅस सिलिंडर संपला म्हणून चूल पेटवणाऱ्या घराला उपदेश नको असतो.

शाळेसाठी फार काही लागत नाही. वर्गशिक्षिकेकडे एक आरामाचा पंप, एक स्पेसर, कार्डाची प्रत आणि पालकांची सही. पीटीच्या तासाला मुलाला बाजूला बसवू नका, हे मात्र शिक्षकांना समोर बसून सांगावं लागतं. आरबीएसकेच्या डॉक्टरांनी ते सांगितलं तर शाळा ऐकते.

गट टिकवायचा कसा

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उपस्थिती निम्म्यावर येते. ते गृहीत धरा. बैठक महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, एक तास, दवाखाने बंद झाल्यावर. अध्यक्ष वगैरे नेमण्यापेक्षा वही सांभाळणारी एक व्यक्ती नेमा, शक्यतो डॉक्टर नसलेली. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचं दम्याचं प्रशिक्षण शिबिर वर्षातून एकदा जिल्ह्यात मागवता येतं, त्याला गटाबाहेरच्या डॉक्टरांनाही बोलवा. ग्रामीण रुग्णालयातले अधिकारी बदलून जातात. नवीन अधिकारी रुजू झाले की पहिल्याच आठवड्यात दोघांनी जाऊन कार्डांचा गठ्ठा, भिंतीवरचा तक्ता आणि वहीची प्रत त्यांच्या हातात द्यायची, आणि जुन्या अधिकाऱ्यांकडून अजून भेट व्हायची राहिलेल्या मुलांची यादी त्याच दिवशी मागून घ्यायची.